ओदारचा डावा डोळा

पेरोनेल ब्रेविल्येच्या गढीवर आली ती एकोणिसाव्या वर्षी. तिचं स्वतःचं पोर बारा दिवसांचं होऊन गेलं होतं आणि दूध काही आटत नव्हतं. त्याच आठवड्यात गढीच्या मालकीणबाई बाळंतपणात गेल्या. मागे राहिला सातव्या महिन्यात जन्मलेला, सोललेल्या सशाएवढा मुलगा. पाद्रीबाबांनी घाईघाईनं बाप्तिस्मा उरकून घेतला, कारण हे पोर संध्याकाळ बघेल असं कुणालाच वाटत नव्हतं. पेरोनेलनं त्याला उघड्या छातीशी धरलं, वरून मेंढीचं कातडं लपेटलं आणि चुलीपाशी बसली. वीस दिवस ती तिथून हलली नाही, असं आमच्याकडे सांगतात. आता बाईमाणूस वीस दिवस हलल्याशिवाय राहील कसं, पण सांगणाऱ्याच्या तोंडाला कोण हात लावणार! पोर जगलं, एवढं खरं. त्याचं नाव ओदार.

गढी म्हटल्यावर तुम्ही लगेच खंदक आणि निशाणं बघायला लागाल. तसलं काही नाही. एक दगडी बुरूज, त्याचं छप्पर गळकं. चार घोड्यांचा तबेला, त्यात घोडा एक. आमच्या आर्त्वा मुलखात असल्या गढ्या पैशाला पासरी. त्यातून ओदार धाकटा. थोरल्या भावानं शेतं घेतली, नदीवरची चक्की घेतली, आणि बाप गेल्यावर ओदारच्या वाट्याला आला हा बुरूज, तीन कुळं आणि बापाचं चिलखत, तेही खांद्यात आवळणारं. पण चिलखत आहे म्हणजे माणूस शिलेदार, आणि शिलेदार म्हटला की त्याला मान हवा. मान कुठून आणायचा, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पेरोनेलनं मधल्या काळात वीबेर नावाच्या मेंढपाळाशी लग्न केलं, सहा वर्षांत त्याला तापात घालवलं, आणि परत गढीच्या चुलीशी येऊन बसली. पोटचं पोर पुन्हा झालं नाही. धुणं तिच्याकडे, चीज तिच्याकडे, कोठीच्या किल्ल्या तिच्याकडे. जिभेला हाड नव्हतं, पण खोटं मात्र ती बोलायची नाही. ‘दाईनं सांगितलं’ म्हटलं की तीन गावांत वाद मिटायचा. मोतद्दार कोलार तिला म्हणायचा, "मावशी, तू जरा खोटं बोलायला शिक. निदान माझा स्वयंपाक बरा झालाय असं तरी म्हण." त्यावर ती म्हणायची, "तुझा स्वयंपाक डुकराला घातला तर डुक्कर देवळात जाऊन गाऱ्हाणं सांगेल."

ओदार तेवीस वर्षांचा झाला त्या सालची गोष्ट. हिवाळ्याच्या तोंडावर सेंट मार्टिनच्या सणाला मोठे सरदार वालराँ यांच्या वाड्यावर जेवण होतं. आसपासच्या सगळ्या शिलेदारांना बोलावणं, म्हणून ओदारलाही. पेरोनेल त्याचे कपडे सांभाळायला बरोबर गेली. ओदारचं पान लागलं ते लांब मेजाच्या पार शेवटाला, दाराशी, जिथे वारं पाठीत घुसतं आणि रस्सा येईतो गार होतो. पेरोनेल इतर नोकरमाणसांबरोबर भिंतीशी उभी राहून हे बघत होती. तिला त्या वाढप्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

जेवणाआधी भाट गायला, चांगला दोन घटका. त्यांच्या गाण्यांत दुसरं असतं काय? अमका शिलेदार एका स्त्रीला शब्द दिला म्हणून सात वर्षं तोंडातून चकार शब्द काढत नाही. तमका परक्याच्या महालात उतरतो, यजमानाची रूपवती बायको त्याच्या उशाशी येऊन बसते, आणि हा पठ्ठ्या भिंतीकडे तोंड करून निजतो. ऐकायला झकास! त्या सात वर्षांत त्याच्यासाठी बाजारहाट कोण करत होतं, हे कुठला भाट सांगत नाही.

मग मोर आला. भाजलेल्या मोरावर त्याचंच कातडं पिसांसकट परत चढवलेलं, चोचीला सोन्याचा वर्ख, आणि चोचीत कापराचा पेटता बोळा. हा मोर खायचा नसतो, चामड्यासारखा चिवट लागतो. तो शपथेसाठी असतो. दोन मुली ते ताट एकेका शिलेदारापुढे नेतात, त्यानं पाखरावर हात ठेवायचा आणि कुठल्यातरी बाईसाहेबांच्या नावानं काहीतरी अचाट कबूल करायचं. लढाई वसंतात पेटणार हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे शपथांना ऊत आला. एक म्हणाला, शत्रूचं निशाण आणीपर्यंत पलंगावर झोपणार नाही. दुसरा म्हणाला, दाढी विंचरणार नाही. त्याची दाढी मुळातच विंचरलेली नसायची.

ताट दाराशी पोचेपर्यंत अर्धे लोक ऐकायचे थांबले होते. ओदार उठला. प्यायला होता, पण पाय स्थिर होते. मोरावर हात ठेवून तो मोठ्यानं म्हणाला, "सिबिलबाईसाहेबांच्या नावानं! शत्रूच्या ढालीवर भाला मोडेपर्यंत माझा हा डावा डोळा मी उघडणार नाही."

सिबिल म्हणजे वालराँची नवी बायको, विशीतली. आधी हसू पिकलं, मग कुणीतरी मेजावर मूठ आपटली, मग सगळ्यांनी. वालराँ स्वतः उठून उभा राहिला. सिबिलबाईंनी डोक्यावरच्या तलम ओढणीची कड टर्रकन फाडली आणि ती पट्टी पुढे केली. ओदार म्हणाला, "गाठ माझी दाई बांधेल. तिच्यावाचून कुणी हात लावायचा नाही."

भिंतीशी उभ्या पेरोनेलला पुढे ओढलं. "तूही हात ठेव, म्हातारे!" कुणीतरी ओरडलं. ती म्हातारी नव्हती, बेचाळीसची होती. तिनं हात ठेवला. पिसांखाली चरबी होती, ती बोटांना लागली. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "ही गाठ मी बांधीन, आणि शपथ पुरी झाल्याशिवाय डोळा उघडू देणार नाही."

तिला कुणी बळजबरी केली नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. तिला आनंद झाला होता. ज्या पोराला कुणी ओळखत नव्हतं त्याच्या नावानं वाडा दणाणत होता, आणि तिच्या बोटांतून ती पट्टी त्याच्या डोळ्यावर चढत होती. परतताना वाटेत ती कोलारला तीनदा म्हणाली, "बघितलंस ना? बघितलंस ना रे?"

वसंत आला आणि तहही आला. राजांचं काय, त्यांना पैसा गोळा करायला सवड हवी असते. दोन उन्हाळे लढाई नाही, अशी दवंडी फिरली. पलंगावर न झोपणारा गुपचूप पलंगावर झोपायला लागला. दाढीवाल्यानं दाढीच काढून टाकली. ओदारनं डोळा उघडला नाही.

रोज सकाळी पेरोनेल पट्टी बदलायची. जुनी सोडताना ओदार पापणी घट्ट मिटून घ्यायचा आणि ती वर तळवा धरायची. धुतलेली पट्टी चढली की तळवा काढायचा. एकदा शिंक आली आणि पापणी क्षणभर हलली, तर हा गडी दिवसभर जेवला नाही. आणि त्याला फळही मिळत होतं, नाही असं नाही. भाटानं त्याच्यावर गाणं रचलं. वालराँच्या वाड्यावर त्याचं पान दाराशी न लागता वरून तिसरं लागायला लागलं. लहान मुलं रस्त्यात एका डोळ्यावर हात ठेवून ‘मी ओदार, मी ओदार’ खेळायची. सिबिलबाई मेजाच्या टोकावरून त्याच्याकडे बघून मान लववायच्या. एवढंच, मान लववायच्या. त्यावर हा आठवडाभर शीळ घालत फिरायचा.

पहिल्याच उन्हाळ्यात जवाची कापणी आली. तीन कुळांचं मनुष्यबळ ते किती, तेव्हा शिलेदारही पेंढ्या गाडीवर फेकायला लागायचा. दुपारी ओदार स्वयंपाकघरात आला तो पट्टीवर तळहात दाबून.

"दाई, आत काहीतरी गेलंय."

"बघू."

"बघायचं नाही."

"मग काय वास घेऊ?" तिनं त्याला उजेडाला बसवलं. पट्टीच्या खालच्या कडेतून जवाचं कुसळ आत शिरलं होतं. त्याला काटे असतात बारीक, ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. टोक पापणीच्या आत गेलेलं तिच्या बोटाला लागलं. "पापणी उचलली की निघतंय. तू उघडू नकोस, मी उघडते. तुझी शपथ तुझ्या डोळ्याची, माझ्या बोटांची थोडीच आहे?"

"तुझ्या बोटांचीच आहे," ओदार म्हणाला. "‘उघडू देणार नाही’ म्हणालीस. सगळ्यांनी ऐकलंय."

"ते सगळे आत्ता इथे आहेत का?"

"मी आहे ना."

तिनं पट्टी ओली केली, वरूनच चोळलं, वरूनच फुंकलं. कुसळ बाहेरच्या बाहेर तुटलं आणि टोक आत राहिलं.

तिसऱ्या दिवशी पापणी सुजली. पाचव्या दिवशी पट्टीला पिवळं लागायला लागलं. पेरोनेलनं बडीशेपेचं पाणी केलं, मधाचं बोट लावलं, नुकत्याच बाळंत झालेल्या कुळवाडणीकडून वाटीभर दूध आणून वरून धार धरली. मिटलेल्या पापणीवरून सगळं ओघळून गालावर यायचं. ओदार दातांत लाकूड धरून बसायचा आणि वर हसून म्हणायचा, "लढाईत याहून जास्त लागतं, दाई." तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटायची आणि पोटाशी धरावंसंही वाटायचं.

ती पाद्रीबाबांकडे गेली. ते देवळामागे कांद्यांना पाणी घालत होते.

"शपथ देवाच्या नावानं घेतलीय का?" त्यांनी विचारलं.

"मोरावर घेतलीय."

"मेरीमातेचं नाव? एखाद्या संताचं?"

"सिबिलबाईंचं."

पाद्रीबाबांनी मान खाजवली. "देवाला दिलेला शब्द असता तर मी बिशपसाहेबांना लिहिलं असतं. त्याबदली एखादी यात्रा, दोन मेणबत्त्या, मोकळं केलं असतं त्याला. पण मोर आमच्या अखत्यारीत येत नाही गं, पेरोनेल."

"म्हणजे देवाला दिलेला शब्द सुटतो आणि पाखराला दिलेला सुटत नाही?"

"मी कायदा सांगितला. मी केलेला नाही."

मग कोण सोडवणार? ज्या बाईसाहेबांच्या नावानं शपथ, त्याच. पेरोनेलनं लाकडी पादत्राणं चढवली आणि चार कोस चालत वालराँचा वाडा गाठला. सिबिलबाई खिडकीत भरतकाम करत होत्या. शेजारच्या दालनात नवरा शिकारी कुत्र्यांशी बोलत होता, त्याचा आवाज येत होता. पेरोनेलनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पुवाचा वास कसा येतो, तेही सांगितलं. सिबिलबाईंची सुई थांबली. बाई दुष्ट नव्हती, उगाच कशाला बोलू. तिचे डोळे भरले.

"मी आपण होऊन सोडलं तर लोक काय म्हणतील, तुला कळतं ना?" त्या हळूच म्हणाल्या. "दारापलीकडे हे बसलेत. म्हणतील, हिला त्या शिलेदाराची इतकी काळजी का? त्यानं मागायला हवं. नुसता निरोप पाठवू दे, ‘बाईसाहेब, मला मोकळं करा.’ मी तिथल्या तिथे करते."

"मीच निरोप समजा."

"तुला त्यानं पाठवलंय?"

पेरोनेलच्या ओठांवर ‘हो’ आलं होतं. एवढंसं अक्षर. सिबिलबाई तिच्याकडे अशा बघत होत्या की त्यांनाही तेच ऐकायचं असावं. पण पेरोनेलला ओदार दिसला. निरोप त्याच्या नावानं गेला हे कळल्यावर, चार लोकांसमोर, दाराशी बसलेला. आणि जन्मात न केलेली गोष्ट बेचाळिसाव्या वर्षी जिभेला जमेना.

"नाही," ती म्हणाली.

"मग मी काय करू, सांग ना!" सिबिलबाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. त्यांचं रडणं ऐकून पलीकडून नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "सुई टोचली."

चार कोस परत. पेरोनेल वाटभर स्वतःला शिव्या घालत आली. गढीवर पोचताच ती ओदारसमोर जाऊन उभी राहिली. "एक निरोप पाठव. चार शब्दांचा. कोलार घोड्यावरून जाईल आणि जेवायच्या आत येईल."

तो अंथरुणावर होता, तापानं तोंड लाल. "तू तिकडे गेली होतीस?"

"गेले होते. पाय माझे आहेत."

"दाई, माझ्याकडे आहे काय?" तो चिडला नाही, समजावल्यासारखं बोलला, आणि त्यानंच तिचा धीर सुटला. "हा गळका बुरूज. तो म्हातारा घोडा. इतकी वर्षं मी दाराशी बसलो, कुणाला माझं नाव विचारावंसं वाटलं नाही. आता विचारतात. हे सगळं मला एका मिटलेल्या पापणीवर मिळालंय. ती उघडली की मी परत दाराशी."

"मग बस दाराशी! दोन डोळ्यांनी बस! मी वाढीन तुला तिथे गरम रस्सा!"

तो हसला. "तुझा रस्सा गरम असला तरी खारट असतो," म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. भाटाच्या गाण्यातल्या त्या शिलेदारासारखाच.

नवव्या दिवशी दुपारी ताप इतका चढला की तो बरळायला लागला. घरात कुणी नव्हतं, कोलार गाडीबरोबर रानात. पेरोनेल उशाशी बसली होती. तिनं गाठ सोडली. पट्टी बाजूला केली. पापणी अंजिरासारखी फुगली होती, कड चिकटून गेली होती. तिनं कोमट पाण्यात बोट बुडवलं. मऊ करून, अंगठ्यानं वर उचलायची, कुसळाचं टोक काढायचं, मिटायची. तो शुद्धीत नव्हता. त्याला कधी कळलं नसतं. जगाला कळलं नसतं. मोराची तर हाडंही कुत्र्यांनी संपवली होती. तिचा अंगठा पापणीवर टेकला.

तेवढ्यात तो डोळे न उघडता पुटपुटला, "दाई, तू आहेस ना? मग ठीक आहे. तू धरून ठेव. माझ्यानं आता धरवत नाही."

काय झालं तिला तेव्हा, ते ती पुढे कुणाला सांगू शकली नाही. तेवीस वर्षांत त्यानं तिच्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. तिनं अंगठा काढून घेतला, कोरडी पट्टी घेतली आणि गाठ मारली. मग चुलीशी जाऊन तिनं स्वतःच्या हातावर जळतं लाकूड टेकवलं, इतका तिला त्या हाताचा राग आला. मला विचाराल तर मी म्हणेन, उघडायला हवा होता. पण मला कुणी ‘धरून ठेव’ म्हणालं नव्हतं.

बाराव्या दिवशी ताप उतरला, पंधराव्या दिवशी दुखणं थांबलं. ओदार उठून बसला, वाडगाभर वाटाण्याचं कालवण प्यायला. "बघ! म्हणालो नव्हतो? आपोआप बरं झालं." त्या बाजूचा गाल मात्र बधिर झाला होता. कोलारनं गमतीनं कोंबडीचं पीस फिरवलं तरी त्याला कळलं नाही, आणि दोघं त्यावर हसले.

पेरोनेल हसली नाही. वीबेरच्या मेंढ्यांमध्ये तिनं सहा वर्षं काढली होती. मेंढीचा डोळा असा सडला आणि मग अचानक दुखायचा थांबला, तर त्याचा अर्थ काय हे तिला ठाऊक होतं. रोज सकाळी तळव्याखाली तिला पापणी जाणवायची. आधी सूज गेली, मग गोलावाच गेला, आणि पापणी आत बसली.

"ओदार, त्या डोळ्याचं काही खरं नाही रे," एकदा तिनं धीर करून म्हटलं.

"मला माहीत आहे," तो म्हणाला, "इतक्या दिवसांनी उजेडात आला की दिपेल. थोडा वेळ द्यावा लागेल." आणि तो इतक्या खुशीत पुढे बोलत गेला की ती पातेलं घासत राहिली. दर आठवड्याला ती ठरवायची, या रविवारी सांगायचं. असे पन्नास रविवार गेले. काय सांगणार होती? सांगून काय परत येणार होतं? आणि कुठेतरी, तुमच्याआमच्यासारखं, तिलाही वाटायचं की आपलं चुकलं असेल. माणूस म्हणजे मेंढी थोडीच आहे?

दुसरा उन्हाळा सरता सरता तह मोडला. ओदार बापाचं चिलखत आवळून निघाला, कोलार मागे. सहा आठवड्यांनी दोघं जिवंत परत आले, आणि ओदारच्या हातात मोडक्या भाल्याचा तुकडा होता. गावानं त्याला खांद्यावर घेतलं. खरं काय घडलं ते कोलारनं फक्त पेरोनेलला सांगितलं. एका डोळ्याला अंतर कळत नाही, मावशी. पहिल्या वेळी मालक शत्रूच्या शेजारून सरळ निघून गेले आणि चरात पडले. दुसऱ्या वेळी भाला कुंपणात घुसला. तिसऱ्या वेळी एक जाडा म्हातारा शिपाई ओढ्यावर पाणी भरायला वाकला होता, ढाल पाठीवर टाकून. तिच्यावर मोडला. म्हातारा पाण्यात पडला आणि शिव्या देत पळाला. "पण ढाल ती ढाल," कोलार म्हणाला. "आणि मोडला तो मोडलाच."

"कुणाला बोलू नकोस," पेरोनेल म्हणाली.

वालराँच्या वाड्यावर पुन्हा जेवण ठरलं, भर दुपारी, म्हणजे उजेड भरपूर असावा. या वेळी पान ओदारचं वरून पहिलं, सरदारांच्या उजव्या हाताला. भाट गायला. गाण्यात ओढ्याची नदी झाली होती आणि म्हाताऱ्याचे तीन घोडेस्वार. मग वालराँनं हात वर केला आणि सगळे गप्प झाले. ओदार मेजाला वळसा घालून सिबिलबाईंसमोर आला आणि एका गुडघ्यावर बसला.

"जिनं गाठ बांधली तिनंच सोडायची," वालराँ म्हणाला. "कुठे आहे ती दाई?"

भिंतीशी उभी होती ती. कोलारनं तिला कोपरानं पुढे ढकललं. जाताजाता ती वाकून ओदारच्या कानाशी म्हणाली, "बाबा, घरी जाऊन सोडू. इथे नको. ऐक माझं."

"वेडी आहेस का?" तो कुजबुजला. त्याच्या कपाळावर आनंदानं घाम आला होता. मग मोठ्यानं म्हणाला, "बाईसाहेब, पावणेदोन वर्षं या डोळ्यानं काही पाहिलेलं नाही. पहिल्यांदा तो तुम्हालाच बघणार. दुसऱ्या डोळ्याची लुडबूड नको." आणि त्यानं उजवा डोळा तळहातानं गच्च झाकून घेतला. "सोड, दाई."

पेरोनेलनं गाठ सोडली. पट्टी तिच्या हातात आली, त्याच्या बधिर गालाला ते कळलं नाही. ओदारनं पापणी उचलली, मोठ्या कष्टानं, चिकटलेली कड सुटत सुटत. पेरोनेल त्याच्या मागे उभी होती, तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता. तिला सिबिलबाईंचा दिसत होता. सिबिलबाईंचा रंग उतरला आणि हात तोंडाकडे गेला. त्यांच्या शेजारी वालराँनं मान फिरवली. भाटाच्या हातातलं वाद्य खाली आलं.

ओदार तोंड वर करून हसत होता, बोलावल्याची वाट बघणाऱ्या पोरासारखा.

"सोड ना गं," तो म्हणाला. "किती वेळ?"

पेरोनेलनं पट्टी मुठीत चुरगाळली.

"सुटली का?"

"नाही रे," पेरोनेल म्हणाली. "गाठ घट्ट बसलीय. थांब जरा."

आणि ती रिकाम्या बोटांनी त्याच्या मानेवरचे केस चाचपत राहिली, जणू तिथे गाठ आहे. दाईनं सांगितलं म्हणजे खरंच, त्यामुळे त्याला शंका आली नाही.

"सावकाश सोड," ओदार म्हणाला. "मी कुठे पळून जातोय?" आणि एका डोळ्यावर हात तसाच ठेवून, हसऱ्या तोंडानं, तो सिबिलबाईंसमोर थांबून राहिला.